काचेवरचा कापूस

१२ नोव्हेंबर, मंगळवार

ही डायरी सुनेनं दिली. मुबश्शिरा म्हणाली, "अब्बा, समोर येईल त्याच्यावर चिडण्यापेक्षा ह्यात लिवत जावा." म्हणून आज चिडून लिहायला बसलो आहे.

राहील, माझा मुलगा, कुपवाडला एका कारखान्यात लेथवर असतो. दोन दिवस वडूजला आला, तर चहा प्यायच्या आधी गाडीभोवती फेरी मारून म्हणतो, "अब्बा, फेब्रुवारीअखेर पासिंग संपतंय. अशी गाडी दावली तर पास हुयाची न्हाई. एक तर सगळी बॉडी करून घ्या, न्हाईतर मोडीत काढा आन् दुसरी घ्या. पर ठरवा एकदाचं."

ठरवा म्हणे. अठ्ठ्याऐंशीची पिकअप आहे. मागच्या बाजूला कापूस पिंजायचं मशीन मी स्वतः बसवून घेतलंय. आम्ही पिंजारी. माझे वडील खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव चालत जायचे, मी गाडीनं जातो. वाडीवर झाडाखाली गाडी लावायची, लोक दबलेल्या गाद्या आणतात, त्या उसवून कापूस पिंजायचा, नवी खोळ, वर टाके, आणि दिवस मावळायच्या आत गादी घरात. दिवाळी ते पाऊस, एवढाच हंगाम. ही गाडी गेली तर फेरी गेली. फेरी गेली की मी कुपवाडात राहीलच्या दोन खोल्यांत टीव्हीसमोर. त्यानं तशी जागासुद्धा ठरवून ठेवली आहे, खिडकीजवळ.

थोडा गंज आहे, नाही म्हणत नाही. दाराच्या खाली असेल बोटभर. पण त्याच्यासाठी गाडी मोडायची हे काही मला पटत नाही. मला खरा त्रास आहे तो पुढच्या काचेचा. मशीनमधून कापूस उडतो आणि काचेवर बारीक रुई बसते. कितीही पुसा, धुरकटच. हे कुणी बघत नाही, सगळे गंजाचंच घेऊन बसलेत.

१७ नोव्हेंबर, रविवार

मायणीकडची फेरी केली. जैनब सोबत होती. लग्नाला अडतीस वर्षं झाली, त्यात छत्तीस वर्षं ही बाई कधी गाडीत बसली नाही, डिझेलच्या वासानं मळमळतं म्हणायची. आता दीड वर्ष झालं, रोज डबा भरून माझ्या आधी गाडीत. आणि तोंड एक क्षण बंद नाही. "म्होरं बैलगाडी हाय. डाव्या अंगाला पोरी चालल्यात सायकलवर. आता गतिरोधक येतोय बगा. म्हातारी रस्ता वलांडतीया, जरा दमानं." गाडीत रेडिओ बसवायचा राहून गेला होता, तो असा बसला. मी म्हणालो, जरा गप बसशील का. गप बसली, आणि पुढच्याच वळणाला पुन्हा सुरू.

टाके घालायचीही हौस आलीय तिला. माझ्या हातातली सुई काढून घेते आणि खोळ मांडीवर ओढते. घे म्हटलं.

पूर्वी मशीनचा आवाज आला की वाडीतली पोरं कापूस उडताना बघायला पळत यायची, हाकलावं लागायचं. आज दिवसभरात एक पोर फिरकलं नाही. मोबाईलनं पोरं घरात कोंडली, दुसरं काय.

हे पेनही फिकं लिहितं. उद्यापासून खोळींवर खुणा करायच्या जाड काळ्या पेनानं लिहीन.

३ डिसेंबर, मंगळवार

डोक्याला नुसता ताप. हेडलाइट बदलले. आरसे बदलले. काल पुढची काचसुद्धा नवी बसवून घेतली, आणि आज चालवून बघतो तर तेच. हल्ली मालच हलका येतो. आरशात मागची गाडी म्हणजे नुसता एक गोळा. आरसेवाल्याला जाऊन बोललो तर त्यानं आरसा हातात घेतला, आपल्या मिशा नीट केल्या आणि म्हणाला, "मला तर झ्याक दिसतंय." उलट्या बोलाचा माणूस.

घरी येताना जैनब म्हणाली, "आवं, एकदा मिरजेला जाऊन डोळं दावू या." तिचे डोळे गेले असतील, वय झालं. मी म्हणालो, हंगाम संपू दे, नेतो तुला. तोवर काच पूस. आणि फडकं दिलं तिच्या हातात. तिनं पुसली. मग खिडकीबाहेर बघत बसली, फुगून.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज जे झालं ते लिहून ठेवतो.

खालच्या वाडीला मनुबाईच्या अंगणात गाडी घेत होतो. मनुबाई माझं जुनं गिऱ्हाईक, सत्तरी गाठलेली. लेकीच्या लग्नातल्या गाद्या मी केल्या, नातीच्या पाळण्यातली गादीही मीच. अंगणात कडुनिंब आहे, त्याखाली नेहमी लावतो. जैनब "थांबा, थांबा" करत होती, पण ती तर दिवसातून शंभरदा म्हणते. एकदम तिनं चालत्या गाडीचं दार उघडलं आणि खाली उडी टाकली. मी ब्रेक मारला. गाडी थांबलीच नाही. सिमेंटच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन आदळली, टाकी फुटली, सगळं अंगण पाण्यानं भरलं.

ब्रेक लागला नाही. मी खाली उतरून तेच ओरडलो. मनुबाई दारात उभी. मुलगा ज्ञानू घरी नव्हता, तो पाण्याचा टँकर चालवतो. आणि आमची बायको मनुबाईच्या तीन वर्षांच्या नातीला, ज्ञानूच्या क्रांतीला, उराशी धरून भिंतीला टेकून उभी. माझी अब्रू चालली होती आणि हिला पोर खेळवायचं सुचत होतं. शिवाय उडी मारताना गुडघा फोडून घेतला. चारचौघांत मला किती कमीपणा आला हे तिला कळत नाही.

टाकी बांधून देतो म्हणालो. मनुबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आज गादी नगं. तुमी घरला जावा."

२१ डिसेंबर, शनिवार

चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितलं, ब्रेक गेले. जो तो म्हणतो, लय जुनी झाली गाडी, दुसरं काय हुणार. ऐकून बरं वाटलं.

इथं मी खोटं लिहिणार नाही. पाय ब्रेकवर नक्की कधी ठेवला, टाकी दिसल्यावर की आवाज आल्यावर, हे आठवत नाही. दोन दिवस आठवतोय.

५ जानेवारी, रविवार

राहील गाडी न्यायला आला. ब्रेक नसलेली गाडी अब्बांनी चालवायची नाही म्हणे. मला आणि जैनबला बाजूला बसवून त्यानं वडूजहून विटा, तासगाव करत कुपवाडपर्यंत आणली, बारीक सारीक सगळे गतिरोधक सांभाळत. गाडीचं काय ते होईपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडेच राहणार.

बाळासोच्या शेडमध्ये लावली. बाळासो आमचा मिस्त्री, वीस वर्षं गाडी त्याच्याच हाताखाली आहे. त्यानं शेडबाहेरच्या रस्त्यावर दोन चकरा मारल्या, खाली शिरून बघितलं आणि हात पुसत म्हणाला, "चाचा, ब्रेक नंबर एक हाईत."

मी म्हणालो, त्या दिवशी लागले नाहीत.

"न लागायला काय झालं? लागत्यात की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नको ते बोललो त्याला. तुझ्या कामात आता दम राहिला नाही, तुला बॉडीचं मोठं काम पाहिजे म्हणून गंज गंज करतोस आणि जे खरं बिघडलंय ते तुला सापडत नाही, असं सगळ्या कामगारांदेखत.

मग ठरवून टाकलं. आज ब्रेक लागतो, उद्या लागत नाही, अशा गाडीचा भरवसा काय? कुणाच्या जिवावर बेतायच्या आधी मोडीत द्यायची. भंगारवाल्याला राहीलनं फोन केला. शुक्रवारी येणार, कापून नेणार. मशीन तेवढं उतरवून ठेवू. दुसरी पिकअप बघायची म्हणून बाळासोनं ओळखीची एक चार वर्षांची दाखवली, मी आत बसून बघितली. तिचीही काच आतून खराब. नको म्हणालो.

जैनब मला म्हणाली, "गाडीचा काय गुन्हा हाय?" गाडी मोडायला देताना आनंद होतोय असं वाटतंय का हिला? छत्तीस वर्षं चालवली आहे. रात्रीचं जेवण गेलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

उद्या कापणार म्हणून सामान काढायला शेडमध्ये गेलो. जैनब बरोबर. सीटखालचा सुयांचा डबा, पाण्याचं कॅन, जाकीट काढलं. मग शेवटचं म्हणून स्टिअरिंगवर बसलो. जैनब तिच्या जागेवर बसली. बाळासो बोनेटजवळ उभा होता.

समोर बघितलं तर तेच धुरकट. मला राग आला. म्हणालो, बघ, दोन महिने झाले नाहीत नवी काच बसवून, तरी हिच्यावर रुईचा थर. शेवटच्या दिवशी तरी स्वच्छ दिसू दे. फडकं घेतलं आणि पुसायला हात पुढं केला.

हात बाहेर गेला.

काच नव्हती. बाळासोनं ती सकाळीच काढली होती, नवी काच भंगारात कशाला घालवायची म्हणून. भिंतीला टेकवून ठेवली होती. माझा हात कोपरापर्यंत बाहेर, हातात फडकं, आणि समोरचं धुरकट जसंच्या तसं.

कुणी हसलं नाही. बाळासोनं मान खाली घातली. हसला असता तर बरं झालं असतं.

१० जानेवारी, शुक्रवार

भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. मी नाही, राहीलनं.

जैनबला विचारलं, तुला माहीत होतं?

"मला बी आन् राहीलला बी."

मग सांगितलं का नाही?

"चारदा सांगितलं. दर बारीला तुमी मला काच पुसाय लावली."

मग गाडीत कशाला बसायचीस? जिवावर उदार झाली होतीस का?

"मग कोण बसणार हुतं?" असं म्हणून ती भाकरी थापत राहिली.

मी तिच्यावर चिडलो. किल्ली काढून घ्यायची, लपवायची, काहीही करायचं. ती म्हणाली, "काढली असती तर तुमी घरात बसून झुरला असता. मला ते बगवलं नसतं." म्हणजे तिनं माझा विचार केला, रस्त्यावरच्या माणसांचा केला नाही. मी तर कुणाचाच केला नाही. कुणाला काय बोलणार?

२२ जानेवारी, बुधवार

काल मिरजेला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पिकलेला मोतीबिंदू. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गाडी चालवत नाही ना?" जैनब माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, चालवतो. चालवत होतो. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि डाव्या डोळ्याचं होईपर्यंत अजिबात नाही, असं दोनदा म्हणाल्या.

आज पट्टी काढली. पांढरं केवढं पांढरं असतं हे मी पिंजारी असून विसरलो होतो. जैनबचे केस पांढरे झालेत. कधी झाले?

२ फेब्रुवारी, रविवार

काळा चष्मा लावून बाळासोकडे गेलो. गाडी बघायला आलोय म्हणालो, कारण माफी मागायला आलोय हे तोंडातून निघेना.

बोटभर गंज. मी वर लिहून ठेवलंय ते आता वाचलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. पायाखालचा पत्रा जागोजागी खाल्लेला आहे, आतून शेडची जमीन दिसते. जैनबच्या बाजूचं दार नुसत्या रंगावर उभं आहे, बोट दाबलं तर आत गेलं. दीड वर्ष ती त्या दाराला टेकून बसली. आणि ओरखडे, ठोकर, चेपलेला पत्रा, जे काही आहे ते सगळं डाव्या अंगाला. उजवीकडे, माझ्या बाजूला, एक नाही.

मी बाळासोला म्हणालो, त्या दिवशी बोललो ते माझं चुकलं. तो म्हणाला, "सोडा चाचा. आता सांगा, काय करायचं? चासी आन् इंजिन बेस हाय, मशीनखालचा भाग बी. पत्रा सगळा नवा घालाय लागंल. पंधरा दिवसांत करतो. न्हाईतर मोडा, तेबी चुकीचं न्हाई. पर ब्रेकसाठी मोडू नगा."

राहीलचं म्हणणं, मोडाच. गाडी मोडली तर मला परत चालवायचा मोह होणार नाही, असं त्याच्या मनात आहे. ते बरोबरच आहे. आणि गाडी मोडली तर सगळ्या वाड्यांवर तेच राहणार, पिंजाऱ्याच्या गाडीचे ब्रेक गेले होते. तेही मला सोयीचंच आहे. दोन्हीकडून मोडणंच बरं दिसत होतं. मला झोप लागेना.

९ फेब्रुवारी, रविवार

काल सकाळी बाळासोला फोन केला, पत्र्याचं काम सुरू कर. किल्ली अजून माझ्या खिशातच. आज एसटीनं खालच्या वाडीला गेलो. एकटाच. जैनब येते म्हणाली, तिला नको म्हणालो.

टाकी ज्ञानूनं बांधून घेतली होती. तो अंगणात टँकरचा पाइप दुरुस्त करत बसला होता, मनुबाई लसूण सोलत. मी आलो तशी तिनं क्रांतीला हाताला धरून घरात ओढलं. मी म्हणालो, मावशी, आज गाडी नाही.

"सवय लागलीया," ती म्हणाली. "गेल्या दिवाळीपास्नं तुमच्या मशीनचा आवाज आला की सगळी वाडी पोरं घरात घेती."

मी विचारलं, मग मला येऊ का देत होता?

"गाद्या तुमच्यावाणी कोण करतंय? आन् तोंडावर कसं म्हनायचं? चार पिढ्यांची माणसं तुमी."

मग मी म्हणालो की ब्रेक गेले नव्हते, मला दिसलंच नव्हतं. ना टाकी, ना दुसरं काही. मनुबाईनं लसूण बाजूला ठेवला. म्हणाली, "पोरगी हितं बसली हुती. टाकीच्या ह्या कोपऱ्याला, भांडीकुंडी मांडून. तुमच्या कारभारणीनं उडी टाकून उचलली." तिनं बोटानं जागा दाखवली. मी बघितली. आता मला नीट दिसतं.

ज्ञानूचे हात थांबले होते. त्याला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं, मारामारी होईल म्हणून आईनं पोटात ठेवलं होतं. तो उठला. मनुबाई "ज्ञानू" म्हणाली, त्यानं ऐकलं नाही. माझ्यापुढं येऊन उभा राहिला. त्यानं हात उचलला असता तरी मी अडवणार नव्हतो, तेवढं घरूनच ठरवून आलो होतो.

"गाडी मोडाय दिली म्हणत हुते."

"दिली होती. परत घेतली. दोष तिचा नव्हता."

"आन् चालवणार कोण?"

"ते अजून ठरलं नाही. मी नाही."

त्यानं घराच्या दाराकडे बघितलं. पोरगी आतून आजीला हाका मारत होती. मग त्यानं हात पुढं केला.

"किल्ली द्या."

मी दिली. त्यानं ती खिशात टाकली.

"पासिंगला मी नेतो. उन्हाळ्यात टँकर सुरू हुईस्तवर फेरीबी मीच मारीन. तुमी बाजूला बसायचं."

मी म्हणालो, दुसऱ्या डोळ्याचं मार्चमध्ये आहे, त्यानंतर डॉक्टर बघून सांगतील.

"डॉक्टर न्हाई," ज्ञानू म्हणाला. "आमी सांगू."

मी बरं म्हणालो.